सहा सेकंदांचा कौल

कऱ्हाडच्या मैदानावर केतकी मगदूमचं नाव पुकारलं गेलं आणि सगळं स्टेडियम सहा सेकंद गप्प झालं. गप्प बसायला कुणी सांगितलं नव्हतं. पण वर्षभरात लोकांना सवय झाली होती. वादातल्या खेळाडूचं नाव आलं की सगळे मैदानाकडे न बघता समोरच्या मोठ्या फलकाकडे बघायचे. फलकावर आकडा उमटला. स्वीकार, एकसष्ट टक्के.

सुवर्णाने रोखून धरलेला श्वास सोडला. शेजारी तिचा नवरा भरतेश दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसला होता. त्याने फक्त मान हलवली. तीन स्पर्धांमधली ही पहिली. तीनपैकी दोन स्पर्धांत आकडा पन्नासच्या वर राहिला, तर केतकीला महिलांच्या गटातून राष्ट्रीय स्पर्धेत जाता येणार होतं. नाहीतर तिची रवानगी ‘खुल्या गटात’. त्या गटात राज्यभरातून चार नावं होती आणि त्याच्या शर्यती कधी होतात हे कुणाला माहीत नव्हतं.

केतकी चालायची. चालण्याची शर्यत हा खेळ लोक बघतात तेव्हा आधी हसतात. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ हवा, इतकाच नियम. पण तो पाळून दहा किलोमीटर धावल्यासारखं चालायचं म्हणजे कमरेपासून टाचेपर्यंत सगळं अंग शिस्तीत ठेवावं लागतं. जरा मन विचलित झालं की गुडघा वाकतो आणि पंच लाल कार्ड लिहितो. तीन कार्डं झाली की बाजूच्या चौकटीत मिनिटभर उभं राहावं लागतं. चौथं कार्ड आलं की शर्यत संपली.

मगदूम कुटुंब मिरजेचं. सुवर्णा एका खासगी इस्पितळात डायलिसिसची मशीन चालवायची. भरतेशचं विजेच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करण्याचं दुकान होतं. केतकी त्यांचं एकुलतं एक अपत्य. तिच्या जन्माच्या दाखल्यावर मुलगा अशी नोंद होती. चौदाव्या वर्षी एका दुपारी, सुवर्णा पोळ्या लाटत असताना, तिने आईला सांगितलं की आपण मुलगी आहोत, आणि हे आजचं नाही. सुवर्णाने तव्यावरची पोळी जळू दिली. पुढचं वर्ष तिघांनाही जड गेलं. भरतेश आठ महिने मुलीशी कामापुरतं बोलला. मग एक दिवस त्याने स्वतः डॉक्टरांची वेळ घेतली आणि रिक्षात तिच्या शेजारी बसून गेला. नाव तिचं तिनेच निवडलं.

आता ती वीस वर्षांची होती. खेळाडूच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सलग दोन वर्षं ठरावीक पातळीच्या खाली हवं, असा राज्य संघटनेचा वैद्यकीय नियम होता. केतकीचं साडेतीन वर्षं होतं. यावर डॉक्टरांमध्ये खरोखरच दुमत होतं. काहींच्या मते एवढं पुरेसं होतं. काही म्हणत की वयात येताना वाढलेली हाडं आणि फुप्फुसं गोळ्यांनी लहान होत नाहीत, तेव्हा थोडा फायदा उरतोच, तो किती हे खेळागणिक वेगळं. दोन्ही बाजूंना अभ्यास केलेली माणसं होती. निर्णय अवघड होता आणि संघटनेला तो घ्यायचा नव्हता. म्हणून २०४१ साली त्यांनी तो लोकांवर सोपवला. म्हणजे लोकांच्या मनगटांवर.

त्या यंत्रणेचं नाव ‘स्पंद’. जनमत चाचण्यांवरचा विश्वास तोवर उडाला होता. माणसं विचारणाऱ्याचा चेहरा बघून उत्तर देतात, आणि इंटरनेटवर तर माणसं किती आणि बनावट खाती किती हेच कळत नव्हतं. स्पंदवाल्यांनी सांगितलं, विचारूच नका. एखादं नाव कानावर पडलं की सहा सेकंदांच्या आत शरीरात तीन गोष्टी घडतात. तळहाताला, मनगटाला किंचित घाम सुटतो. दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं. कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात किंवा सैलावतात, त्यामुळे हात अर्ध्या अंशाने गार किंवा गरम होतो. यातलं काहीच आपण ठरवून करत नाही. मनगटावरची कापडी पट्टी या तिन्ही गोष्टी मोजते. अकरा हजार स्वयंसेवकांना आवडीच्या आणि नावडीच्या गोष्टी दाखवून यंत्रणेला शिकवलं होतं की स्वीकार असा दिसतो आणि नकार असा. तिकिटाबरोबर पट्टी मिळायची आणि पट्टीशिवाय आत प्रवेश नव्हता. माणूस खोटं बोलेल, घाम बोलणार नाही, अशी त्यांची जाहिरात होती.

शर्यत चालू असतानाही पट्ट्या मोजतच राहायच्या. खेळाडूंच्या छातीवरच्या नंबरात चिप असे, त्यामुळे कुठल्या प्रेक्षकासमोरून या क्षणी कोण जातंय ते यंत्रणेला कळे. सगळ्याच खेळाडूंचे हे आकडे जाहिरातदारांना हवे असत. निर्णय मात्र सुरुवातीच्या सहा सेकंदांवर व्हायचा.

कऱ्हाडला केतकी दुसरी आली. पहिली आली फलटणची ऋजुता भोईटे. सहाव्या किलोमीटरला केतकीने तिला थोडा वेळ मागे टाकलं होतं. त्या पंधरा सेकंदांची चित्रफीत दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरली. ती मुद्दाम संथ केलेली होती आणि केतकीच्या खांद्याभोवती लाल गोल काढला होता. ऋजुताला पत्रकारांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की तिला स्वतःला हा नियम पुरेसा वाटत नाही, आणखी अभ्यास व्हायला हवा. एवढंच ती बोलली. फिरलं मात्र त्यातलं पहिलं अर्धं वाक्य.

मग संदेश यायला लागले. आधी शिव्या, त्या केतकीने न वाचता पुसल्या. नंतर एका अनोळखी नंबरावरून फक्त एक फोटो आला. त्यांच्याच घराचं फाटक, बाहेर भरतेशची स्कूटर. खाली दोन शब्द. घर सापडलं.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, नंबर बनावट निघाला असं आठवड्याने कळवलं. भरतेशने खिडक्यांना आणखी एक जाळी बसवली. सुवर्णा कामावरून दिवसातून सहा वेळा फोन करायची आणि केतकीने उचलेपर्यंतच्या प्रत्येक रिंगला तिच्या डोळ्यांसमोर काहीतरी यायचं. एका दुपारी केतकी म्हैसाळ रस्त्यावर सराव करत असताना मोटारसायकलवरून दोघं जण आले आणि तिच्या बरोबरीने किलोमीटरभर चालत्या गतीने गाडी चालवत राहिले. एक शब्द बोलले नाहीत. मागचा फक्त मोबाइल धरून होता. केतकीने चाल मोडली नाही, गुडघा वाकू दिला नाही. घरी येऊन मात्र ती न्हाणीघरात बराच वेळ ओकत होती. त्यानंतर तिचा सराव चालू असताना सुवर्णा किंवा प्रशिक्षक जयमाला खोत स्कूटरवरून तिच्या मागे असत.

दुसरी स्पर्धा कोल्हापूरला झाली. नाव पुकारलं गेलं, सहा सेकंद गेले. स्वीकार, सत्तेचाळीस टक्के.

केतकी त्या दिवशी पाचवी आली. परतताना गाडीत, जयसिंगपूरच्या आसपास सुवर्णाच्या फोनवर स्पंदचा नेहमीचा वैयक्तिक अहवाल आला. प्रत्येक प्रेक्षकाला तो जायचा, बहुतेक जण उघडतही नसत. तिने सहज उघडला.

आपला प्रतिसाद : नकार. तीव्रता : अतिशय जास्त. खात्री : सत्त्याण्णव टक्के.

तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. पुढच्या सीटवर केतकी काचेला डोकं टेकून झोपली होती. कऱ्हाडचा अहवाल सुवर्णाने उघडला नव्हता, तो शोधून काढला. तिथे स्वीकार होता. मग दीड महिन्यात काय झालं? ती रोज मशिनांवर काम करणारी बाई होती. रुग्ण सांगतो मी पाणी प्यायलोच नाही, आणि वजनकाटा सांगतो तीन लिटर वाढलं. तिथे ती काट्यावर विश्वास ठेवायची. आता काटा तिच्याविषयी सांगत होता. तिला आठवलं, सुरुवातीच्या वर्षी आपण जुने फोटो कपाटात लपवून ठेवले होते आणि दार लावून ते बघत होतो. ते दुःख संपलं असं तिला वाटलं होतं. कदाचित ते आत कुठेतरी नासत पडलं असेल आणि आपल्यालाच पत्ता नसेल. या विचाराची तिला त्या मोटारसायकलवाल्यांपेक्षा जास्त भीती वाटली. तिने अहवाल पुसून टाकला.

पण स्पंदवाले पाठ सोडत नाहीत. चार दिवसांनी केतकी आईच्या फोनवर वेळापत्रक बघत असताना पडद्यावर वरून एक सूचना सरकत आली. ‘केतकी मगदूम यांच्याविषयीच्या आपल्या तीव्र नकाराबद्दल अधिक जाणून घ्या.’

केतकीने फोन ओट्यावर ठेवला. आवाज न चढवता तिने विचारलं, “आई, तुलासुद्धा?”

हे चुकीचं आहे असं म्हणायला सुवर्णाने तोंड उघडलं, पण ते चुकीचं आहे याची तिलाच खात्री नव्हती आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. भरतेश दारात उभा होता. तो आत आला, खिशातून स्वतःचा फोन काढला आणि ओट्यावर तिच्या फोनशेजारी ठेवला. त्यातही तेच होतं. तो म्हणाला, “मला वाटलं मी एकटाच आहे. तुम्हा दोघींना कसं सांगू कळत नव्हतं.”

केतकीने दोन्ही फोनांकडे पाहिलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सुवर्णा दाराबाहेर फरशीवर बसून राहिली. आतून कपाट उघडल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला की तिला बरं वाटायचं आणि आवाज थांबला की तिचा जीव वर यायचा. संध्याकाळी केतकी पिशवी घेऊन बाहेर आली आणि काही दिवस खोत मॅडमकडे सांगलीला राहते म्हणाली. तिने आईकडे न बघता चप्पल घातली.

त्या आठवड्यात सुवर्णाच्या वॉर्डात आवटी नावाचे वृद्ध गृहस्थ डायलिसिसला होते. सुई लावून तासभर झाला असेल, अचानक त्यांचं ब्लडप्रेशर घसरलं. चेहरा पांढरा पडला, डोळे फिरले. सुवर्णाने खाट पायाकडून उंच केली, मशीनचा वेग कमी केला, सलाईन सोडलं. हे नेहमीचं होतं, पाच मिनिटांत ते सावरले. तेव्हा तिच्या लक्षात आलं की शेजारी स्टुलावर बसलेल्या आवटीबाईंचं मनगटी घड्याळ कधीपासून वाजतंय. सुवर्णाने त्यांचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता आणि घामाने निथळत होता. घड्याळावर नाडीचे ठोके एकशे बत्तीस.

सुवर्णा तो हात धरून तशीच उभी राहिली. घाम, ठोके, गार हात. तिन्ही गोष्टी होत्या. कोल्हापूरच्या मैदानात आवटीबाईंच्या मनगटावर पट्टी असती आणि कुणी त्यांच्या नवऱ्याचं नाव पुकारलं असतं, तर फलकावर काय आलं असतं?

तिने लगेच खोत मॅडमना फोन केला आणि त्यांचा कोल्हापूरचा अहवाल विचारला. त्या म्हणाल्या की त्यांचाही नकारच आहे आणि त्या दिवसापासून त्यांना केतकीच्या नजरेला नजर देववत नाही. केतकीला फोन द्या असं सुवर्णाने सांगितलं. मुलगी फोनवर आली. सुवर्णाने तिला आवटीबाईंचा हात सांगितला. दुसरं काही समजावलं नाही. केतकी रडायला लागली तेव्हा सुवर्णाने फोन ठेवला नाही, डबा खायची सुट्टी संपेपर्यंत ऐकत राहिली.

स्पंदचं गणित बसवणाऱ्यांत पुण्याच्या डॉ. हेमांगी वर्तक होत्या. पत्ता मिळवून सुवर्णा आणि भरतेश त्यांच्याकडे गेले. वर्तक पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही बरोबर आहात. शरीर घाबरलंय एवढं पट्टीला कळतं. कुणाला घाबरलंय की कुणासाठी घाबरलंय, ते तिला कळत नाही. आम्हाला हे माहीत होतं.”

त्यांनी उलगडून सांगितलं. अकरा हजार स्वयंसेवकांना नावडीच्या गोष्टी दाखवल्या, पण त्यांच्या लाडक्या माणसाला धोका आहे असं काही दाखवलं नव्हतं, ते योग्य ठरलं नसतं. त्यामुळे तसली भीती यंत्रणेने कधी पाहिलीच नाही. ती दिसली की यंत्रणा तिला जवळच्या खणात टाकते, आणि जवळचा खण नकाराचा आहे. अहवालाच्या शेवटी त्यांनी हे लिहिलं होतं. संघटनेने पहिलं पान वाचलं. सुवर्णाने विचारलं की हे तुम्ही जाहीरपणे सांगाल का. वर्तकांनी खिडकीबाहेर बघितलं. गेल्या महिन्यात त्यांच्या एका सहकाऱ्याने एका मुलाखतीत शंका काढली होती, त्याच्या घराच्या फाटकाचा फोटो त्याला आला होता. त्यांच्या घरात म्हातारे वडील होते. त्या म्हणाल्या की मला थोडा वेळ द्या. भरतेशने उठताना त्यांना नमस्कार केला. त्याला त्या बाईंचा राग आला नव्हता, असं त्याने परतताना सुवर्णाला सांगितलं.

तिसरी स्पर्धा साताऱ्याला, बारा दिवसांवर होती. मार्ग खोत मॅडमनी सुचवला. ज्यांना केतकीची काळजी आहे, ते कुणीही आत जायचं नाही. आईवडील नाही, त्या स्वतः नाही, तिच्याबरोबर सराव करणाऱ्या मुली नाहीत, मिरजेहून गाडी करून येणारे शेजारी नाहीत. ज्यांना तिचं काही देणंघेणं नाही असेच लोक आत असले तर आकडा पन्नासच्या वर जाईल. सुवर्णाने केतकीकडे पाहिलं. केतकी म्हणाली, “चालेल. मला सवय करायला हवी.”

साताऱ्याला सकाळी सात वाजता केतकी एकटी फाटकातून आत गेली. सुवर्णा, भरतेश आणि खोत मॅडम रस्त्याच्या पलीकडे गाडीपाशी थांबले. भिंतीवरून लाउडस्पीकर ऐकू येत होता. नाव पुकारलं गेलं. शांतता. मग आकडा वाचून दाखवला गेला, छप्पन्न. खोत मॅडमनी डोळे मिटले. तिघांनाही आनंद व्हायला हवा होता. पण भिंतीपलीकडे आठ हजार माणसं होती आणि त्यांत आपलं एकही नाही, हे तिघांच्याही डोक्यात एकाच वेळी आलं.

शर्यत सुरू झाली. निवेदक फेऱ्या मोजत होता. चौथ्या फेरीला ऋजुता पहिली, केतकी तिसरी. पाचव्या फेरीला त्याने केतकीला लाल कार्ड मिळाल्याचं सांगितलं. लगेच दुसरं. आतून एक वेगळाच आवाज यायला लागला, एका कोपऱ्यातून, तालात, शब्द कळत नव्हते. मग निवेदक वाक्याच्या मध्येच थांबला आणि पुन्हा बोललाच नाही.

सुवर्णा रस्ता ओलांडून धावत सुटली. फाटकावरच्या माणसाने तिला अडवलं आणि पट्टी पुढे केली. पट्टीशिवाय आत नाही. तिने मनगट पुढे केलं.

लांबच्या वळणावर वीस-पंचवीस जण दोरीला येऊन भिडले होते. पाण्याच्या बाटल्या मार्गावर पडल्या होत्या. सुवर्णा पोचली तेव्हा पहिला दगड येऊन गेला होता. केतकी वळणाकडे येत होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि गुडघा वाकत होता. तिच्या दहा-बारा पावलं पुढे असलेली ऋजुता मागे वळून पाहत होती. मग ऋजुताने वेग कमी केला. केतकी बरोबरीला येईपर्यंत ती जवळजवळ थांबली, आणि आतली बाजू सोडून बाहेरच्या बाजूला, दोरीच्या आणि केतकीच्या मधे आली. दोघी खांद्याला खांदा लावून त्या वळणावरून गेल्या. पुढच्या फेरीलाही तशाच. त्या वेळी एक दगड ऋजुताच्या कोपराला लागला. सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं. सुवर्णाच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने तिचा दंड गच्च पकडला होता, त्या दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

सातव्या फेरीला पोलीस आले आणि त्यांनी कोपरा रिकामा केला. केतकीला तिसरं कार्ड मिळालं, मिनिटभर चौकटीत उभी राहून ती नववी आली. ऋजुता चौथी आली. राष्ट्रीय स्पर्धेसाठीच्या निवडीतलं तिचं पहिलं स्थान त्या दोन फेऱ्यांमध्ये गेलं.

नंतर प्रथमोपचाराच्या तंबूत ऋजुता कोपरावर बर्फ धरून बसली होती. सुवर्णा तिच्यासमोर उभी राहिली. ऋजुताच म्हणाली, “काकू, माझं मत बदललेलं नाही. नियम पुरेसा नाही असं मला अजून वाटतं, आणि मी तसं म्हणत राहीन. पण ती माझ्यामागे चालत होती आणि मला तिचा श्वास ऐकू येत होता. तसा श्वास मी कधी ऐकला नव्हता.”

दुसऱ्या दिवशी जाहिरातदारांसाठी सगळ्या खेळाडूंचे आकडे जाहीर झाले. ऋजुता भोईटेला कधीही नव्वदच्या खाली आकडा मिळाला नव्हता. सहाव्या आणि सातव्या फेरीत आठ हजार पट्ट्यांनी तिच्याविषयी नोंदवलं होतं, नकार, एक्याऐंशी टक्के.

संघटनेने तासाभरात खुलासा काढला. भोईटे यांचे आकडे तांत्रिक बिघाडामुळे आले असून ते रद्द समजावेत. केतकीच्या कोल्हापूरच्या सत्तेचाळीसविषयी त्यात अक्षर नव्हतं. उलट साताऱ्याचे छप्पन्न टक्के संशयास्पद आहेत, कारण खेळाडूच्या निकटवर्तीयांनी ठरवून मैदानाबाहेर राहून कौल वाकवला, असा आरोप त्यात होता. चौकशीसाठी केतकीला पुण्याला बोलावलं.

चौकशीच्या खोलीत सात माणसं लांब टेबलापलीकडे बसली होती. कॅमेरे चालू होते. सुवर्णाने बोलायची परवानगी मागितली. आपला अहवाल उघड केला तर उद्या काय होईल हे तिला नीट माहीत होतं. पोरीच्या आईलाच ती नकोय, असं राज्यभर फिरेल. तिने केतकीला आदल्या दिवशी विचारलं होतं आणि केतकीने बराच विचार करून हो म्हटलं होतं. सुवर्णाने कागद समोर ठेवला. ती म्हणाली की तिची मुलगी तिला नकोशी आहे असं या कागदावर लिहिलंय, खात्री सत्त्याण्णव टक्के. कोल्हापूरच्या त्या दिवशी तिच्या घराच्या फाटकाचा फोटो येऊन तीन आठवडे झाले होते. मग ती म्हणाली, “साहेब, मी तिला घाबरत नाही. मी तुमच्यासमोर बसलेय आणि आत्ताही तिच्यासाठी घाबरलेय. लावा पट्टी.”

मागच्या बाजूला खुर्ची सरकली. डॉ. वर्तक उभ्या होत्या, हातात त्यांच्या जुन्या अहवालाचं शेवटचं पान. त्या कधी येऊन बसल्या हे सुवर्णाला कळलं नव्हतं. ऋजुताने पत्र पाठवलं होतं, तेही वाचलं गेलं. त्यात तिने लिहिलं होतं की माझा आकडा बिघाड असेल तर तिचाही आहे, आणि तिचा खरा असेल तर माझाही खरा धरा आणि मला बाहेर काढा.

महिनाभराने स्पंदचा नियम स्थगित झाला. रद्द नाही, स्थगित. पात्रतेचा प्रश्न पुन्हा डॉक्टरांच्या समितीकडे गेला, जिथे तो अवघड होता तसाच अवघड राहिला. तोवर केतकीला राज्यातल्या स्पर्धांत चालता येणार होतं. पुढे काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. संदेश कमी झाले, थांबले नाहीत. वर्तकांनी घर बदलल्याचं कळलं.

पुढची शर्यत बारामतीला होती. फाटकावर पट्ट्या नव्हत्या. सुवर्णाला वाटलं होतं की आता हलकं वाटेल. पण बाकावर बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आता समोर आकडाही नाही. आजूबाजूला एवढी माणसं, आणि कुणाच्या मनात काय आहे ते कळायला काही मार्ग नाही. ती प्रत्येकाच्या हातांकडे बघत होती.

शेजारी पांढऱ्या टोपीतला एक माणूस भाचीची शर्यत बघायला आला होता. त्याने सहज विचारलं, तुमची कुठली?

खाली रेषेजवळ मुली उभ्या होत्या. भरतेश पलीकडून सुवर्णाकडे बघत होता.

“ती, चारशे सतरा,” ती म्हणाली. “केतकी मगदूम. माझी मुलगी.”

त्या माणसाने नाव ओळखलं. त्याने मान वळवून मैदानाकडे पाहिलं. सुवर्णाने पर्स मांडीवर ओढून घेतली, उठावं लागलं तर हाताशी असावी म्हणून.

“खरं सांगतो ताई,” तो म्हणाला, “मला हे अजून पटलेलं नाही.” त्याने तिच्या मांडीवरच्या पर्सकडे पाहिलं. “पण तुम्हाला भीती वाटत असेल.”

“वाटते,” सुवर्णा म्हणाली. “फार वाटते.”

तो उठून गेला नाही. खाली मुलींनी पाय रेषेला लावले.